साडेसहा नवरदेव लांबीचं विमान

"नित्या, तुला विमान करता येतं का?" ताईनं विचारलं.

मी डोक्यावर ओला टॉवेल घेऊन गच्चीवर पापड उलटत होतो. मंगळवार होता, सकाळचे दहा वाजले होते. आमच्या बार्शीचं मे महिन्यातलं ऊन असं, की सकाळी लाटलेला पापड जेवणाच्या आत वाळायचा आणि उलटणारा माणूस त्याच्याही आधी.

"कसलं विमान?"

"लढाऊ."

"कधीपर्यंत?"

"रविवारपर्यंत."

रविवारी तिचं लग्न होतं. दुपारी बारा पस्तीसचा मुहूर्त.

मी तेव्हा इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. दुसऱ्यांदा. घरात यंत्राचं काही बिघडलं की सगळे आधी माझ्याकडे बघायचे आणि मग इलेक्ट्रिशियनला फोन लावायचे. कुणीतरी माझ्याकडे बघून तिथंच थांबलंय, हे पहिल्यांदा घडत होतं. मी म्हणालो, "येतं की."

ताई पापडांच्या कडेला उकिडवी बसली. "सुभेदार माझ्याशी बोलत नाहीत," ती म्हणाली.

सुभेदार म्हणजे तिचे होणारे सासरे, मारुती निकम. कोरेगाव तालुक्यातले, सैन्यातून निवृत्त झालेले. मुलगी बघायला आले तेव्हा त्यांनी काहीच विचारलं नव्हतं. साखरपुड्याला पूर्ण चार तासांत ते एकच वाक्य बोलले, "पंखा बारीक करा." तेही पंख्याजवळ बसलेल्या माणसाला. मुलगा रणजित एअरफोर्समध्ये, नेमणूक राजस्थानात, आणि राहायला क्वार्टर मिळायला एक वर्ष. म्हणजे लग्नानंतर वर्षभर ताई गावाकडच्या घरात. सासूबाईंचा दिवस शेतात जायचा. मग दिवसभर घरात माणसं दोन, ताई आणि पंखा बारीक करायला सांगणारे सुभेदार.

"वर्षभर काय करू मी तिथं? भिंतीशी बोलू?"

"भिंती चांगल्या असतील गं."

तिनं मला ओला पापड फेकून मारला. तो माझ्या मानेला चिकटला आणि ती पुढचं बोलेपर्यंत अर्धा वाळला.

"ऐक. रुखवतात विमान ठेवायचं. पोरगा एअरफोर्सला, बाप फौजेतला. बघून काहीतरी वाटेल त्यांना. मला एक वाक्य पुरे रे. 'कुणी केलं?' एवढं विचारलं तरी मी 'माझ्या भावानं' म्हणेन, आणि मग पुढचं मी बघते. पण सुरुवात व्हायला पाहिजे. सासरी जायच्या आधी."

एवढ्या थोड्या अपेक्षेनं माझ्याकडे आजवर कुणी आलं नव्हतं. मला भरून आलं. पापडामुळे मान वळत नव्हती, म्हणून तसाच समोर बघत मी शब्द दिला.

रुखवत म्हणजे मुलीकडच्यांनी मांडवात मांडायचा कौतुकाचा संसार, आणि आमच्या घरात ते खातं नलूआत्याकडे होतं. आत्याचे नियम दोन. एक, विकतचं काही नाही, सगळं घरच्या हातचं. दोन, मांडलेली प्रत्येक वस्तू एकतर खाता आली पाहिजे नाहीतर संसारात वापरता आली पाहिजे.

"शोभेचं काही ठेवायचं नाही," आत्या म्हणाली. "शोभेला नवरी आहे."

"आत्या, विमान आहे ते."

"असू दे. खाता येईल असं कर. नाहीतर वापरता येईल असं कर."

आम्ही विचार करून पहिला पर्याय घेतला.

माझा मित्र जमीर एसटी स्टँडसमोर रेडियमच्या नंबरप्लेटा आणि गाड्यांवरची अक्षरं कापायचा. बार्शीत त्याच्याइतका स्थिर हात फक्त डोळ्यांच्या डॉक्टरांचा होता, पण त्यांना वेळ नव्हता. जमीरला मी परिस्थिती सांगितली. तो म्हणाला, "स्केल काय धरायचं?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. तिसऱ्या वर्षाला मी दुसऱ्यांदा का होतो, हे तिथं थोडं स्पष्ट झालं.

"आणि मुळात कुठलं विमान?"

ह्याचं उत्तर होतं. रणजितरावांच्या बायोडेट्याला फोटो जोडलेला होता. गणवेशात, हात मागं बांधून, चंदेरी विमानासमोर उभे. नवऱ्यामुलानं ज्याच्यासमोर उभं राहून फोटो काढला ते त्याचं विमान, यात शंका घेण्यासारखं काय आहे? आमच्या गल्लीतल्या पोरांचे बायोडेटे बघा. पोरगा ज्या बुलेटला टेकलेला असतो ती त्याची नसते, हे मान्य. पण विमान कोण कुणाला टेकायला देतं?

फोटोची झेरॉक्स मोठी करून आणली. आता माप. फोटोत विमानाच्या जोडीला उंची माहीत असलेली एकच वस्तू होती, ती म्हणजे नवरदेव. बायोडेट्यात लिहिलं होतं, पाच फूट दहा इंच. बायोडेट्यातली उंची म्हणून मी दोन इंच कमी धरली. मग जमीरनं पट्टीनं रणजितरावांना मोजलं आणि विमानाच्या नाकापासून एकेक रणजित ठेवत गेला.

"साडेसहा," तो म्हणाला.

विमान साडेसहा नवरदेव लांब होतं. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळपास तेवढेच. त्याचा दहावा भाग केला, तर पावणेचार फुटांचं विमान होणार. मी वहीत तारीख टाकून लिहिलं: *स्केल – एकास दहा. एकक – भावोजी.*

बुधवारी पोट केलं. नवीन न्हाणीघराच्या कामातून उरलेला एक प्लॅस्टिकचा पाइप होता. तो खरंच न वापरलेला आहे, याची आत्यानं तीन वेळा वास घेऊन खात्री केली. पाइपाला तेल चोपडलं, उडदाच्या पिठाची भली मोठी पोळी लाटून त्यावर गुंडाळली, आणि अख्खं प्रकरण उन्हात ठेवलं. पापड अर्धवट वाळला की पाइप ओढून काढायचा, मग पोकळ नळी आपापली कडक होते. फोटोत विमानाच्या नाकाला भोक होतं, म्हणून पुढचं टोक तांब्याच्या तोंडावर वळवलं. पहिली नळी तडकली. दुसरी गल्लीतल्या मांजरानं चाटली. तिसरी संध्याकाळी पाचला उभी राहिली, तेव्हा मी आणि जमीरनं एकमेकांचा हात हातात घेतला. बराच वेळ सोडला नाही. पिठामुळे.

गुरुवारी पंख. शेंगदाण्याच्या चिक्कीचे पातळ पत्रे ओतले, कापले, बसवले. सकाळी अकराला त्या विमानासमोर उभं राहून मी फोटोही काढून घेतला. दुपारी दोनला चिक्की उन्हानं मऊ पडली आणि विमानानं पंख खाली सोडले. साडेदोनला ते मिटले.

आत्या गच्चीवर आली, बघून म्हणाली, "अंड्यावर बसलंय का?"

ताईही आली. ती हसली नाही. मिटलेल्या पंखांकडे बघून एवढंच म्हणाली, "नसेल होत तर राहू दे रे. मी तिथं रेडिओ लावेन."

ते 'रेडिओ लावेन' मला फार लागलं. मी तडक लग्नाच्या आचाऱ्याकडे गेलो. तो वांगी मोजत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. विमान का, हे त्यानं विचारलंच नाही. पस्तीस वर्षं लग्नांत काढलेल्या माणसाला कशाचंच काही वाटत नसावं.

"दोन पापड घे," तो म्हणाला. "मधी साखरेचा पक्का पाक. गोळीबंदच्या पुढचा. वरनं पाट, पाटावर दोन माणसं बसव. गाडी गेली तरी मोडत न्हाई."

शुक्रवारी पाटावर वडील आणि शेजारचे काका बसले. त्यांना पेपर दिला होता. पंख एकदम सरळ निघाले. आचाऱ्यानं आपणहून आमटीच्या वाटीच्या पाठीवर पाक ओतून वैमानिकाच्या डोक्यावरची काचही करून दिली, आरपार दिसणारी. चाकांना तीन चकल्या. फोटोत नाकाच्या बाजूला एकाखाली एक तीन बारीक भोकं दिसत होती, ती मशीनगनची असणार. ताईनं मेंदी लावायच्या आधी तिथं तीन लवंगा खोचल्या. दुसरी बाजू फोटोत नव्हती. पण माझं इंजिनियरिंगचं ज्ञान सांगत होतं की तिकडेही तीनच असणार. विमान एका बाजूनं गोळ्या का मारेल?

शनिवारी सगळ्या अंगावर चांदीचा वर्ख चढवला. ताईच्या दोन्ही हातांना मेंदी, त्यामुळे ती कोपरानं सूचना देत होती. राहिली शेपटी. शेपटीवरचं चिन्ह रणजितरावांच्या टोपीमागं झाकलं गेलं होतं.

"तिथं काय असेल?" मी विचारलं.

"आपलाच झेंडा असणार ना," जमीर म्हणाला, आणि त्यानं केशरी, पांढरा, हिरवा असे तीन पट्टे इतके नेमके ओढले, की मी त्याच्याकडे आदरानं पाहिलं. ह्या विमानाइतकं तंतोतंत काम मी आयुष्यात कधी केलं नव्हतं. त्यातूनच पुढचं सगळं झालं.

रविवारी सकाळी मंगल कार्यालयात रुखवत मांडलं. मधोमध विमान. बाजूला रव्याचे लाडू, अनारसे, सांडगे, क्रोशाचे रुमाल. आत्यानं सगळ्यावर पांढरं कापड टाकलं आणि पोलिसासारखी शेजारी उभी राहिली. साडेअकराला वराकडची मंडळी बघायला आली. पुढं विहीणबाई, मागं बायकांचा घोळका, आणि त्याच्या मागं गुलाबी फेटा बांधलेले, मिश्यांना तेल लावलेले सुभेदार. ताई पिवळ्या साडीत, मुंडावळ्या बांधून, दाराआडून बघत होती. नवरीनं खरं तर खोलीत बसायचं असतं. मी तिच्या मागं उभा होतो.

आत्यानं कापड ओढलं. बायकांचा "अगं बाई!" असा एकच आवाज झाला. विहीणबाईंनी गालाला हात लावला. सुभेदार मात्र थबकले.

ते घोळक्यातून पुढं आले. विमानाला डावीकडून एक फेरी मारली. वाकले. बोट पुढं करून लवंगा मोजल्या, तीन. पलीकडं जाऊन मोजल्या, तीन. मग सरळ झाले आणि म्हणाले, "सेबर."

"बोलले!" ताईनं माझा दंड इतका दाबला की शर्टातून नखं रुतली. "नित्या, बोलले!"

"पाकिस्तानचं इमान हाय हे," सुभेदार म्हणाले.

त्यांनी सगळ्या मांडवावरून नजर फिरवली.

"कुणी केलं?"

ताईला हवा होता तोच प्रश्न, शब्दन्‌शब्द तोच. पण तिला उत्तर द्यावं लागलं नाही. सगळ्या मांडवानं माझ्याकडे बोट केलं. त्यात साताऱ्याहून त्याच सकाळी आलेली, मला कधीही न पाहिलेली माणसंही होती.

"पाकिस्तानचं कसं असेल?" नलूआत्या मध्ये पडली. "उडीद आपल्या बाजारातला आहे."

"आत्याबाई, उडदाचं न्हाय म्हनत मी. सांगाडा सेबरचा. हे नाक, ही मागं वळलेली पखं, ह्या सहा बंदुका. मी झोपंत वळखीन. आन् ह्येच्या शेपटीवर आपला झेंडा कुनी लावला?"

जमीर खांबामागं गेला. स्थिर हात असलेला माणूस पाय इतक्या झटकन उचलू शकतो, हे मला माहीत नव्हतं.

मी पुढं झालो. "फोटोवरून केलं, काका. बायोडेट्यातल्या."

आता सगळा मांडव नवरदेवाकडं वळला. रणजितराव शेरवानीत, हातात नारळ घेऊन उभे होते. ते म्हणाले, "तो फोटो... म्युझियममधला आहे. ट्रेनिंगच्या वेळी गेलो होतो. तिथं शत्रूचं एक विमान बघायला ठेवलंय. उजेड चांगला होता, म्हणून..."

"मग तुमचं विमान कुठलं?" आत्यानं विचारलं.

"माझ्याकडं विमान नाही. मी हवामान खात्यात आहे एअरफोर्सच्या. आम्ही सकाळ-संध्याकाळ फुगा सोडतो."

"फुगा?"

"मोठा असतो," रणजितराव म्हणाले.

आत्या माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "फुगा पुरीचाही झाला असता."

कुणी हसलं नाही, कारण सुभेदार निघाले होते. फेटा सावरत, दाराच्या दिशेनं. त्यांची मंडळी बाजूला होत त्यांना वाट देत होती. वडील "पाव्हणं, अहो पाव्हणं" करत मागं धावले. माझ्या डोळ्यांपुढं गावाकडचं ते घर आलं. आता तिथं पंख्याबद्दलही कुणी बोलणार नव्हतं, आणि ते मी स्वतःच्या हातानं, एकास दहा मापात करून ठेवलं होतं.

तेवढ्यात ताई पिवळ्या साडीत, मुंडावळ्या हलवत सगळ्यांच्या देखत धावली आणि दारात आडवी उभी राहिली.

"मामा," ती म्हणाली, "चूक झाली. तुमच्यासाठीच करायला सांगितलं होतं मी. तुम्ही माझ्याशी काहीतरी बोलावं म्हणून. आत्ताच्या आत्ता टाकून देते ते."

सुभेदारांनी तिच्याकडं पाहिलं. मला वाटतं, त्यांनी तिला पहिल्यांदाच पाहिलं.

"टाकू नगंस," ते म्हणाले.

मग ते परत फिरले. विमानासमोर खुर्ची ओढून बसले.

"एकाहत्तरला आमची तोफ एका इमानतळाच्या कडंला व्हती," ते म्हणाले. ते ताईकडं बघून बोलत होते. बाकी आम्ही नुसते आजूबाजूला होतो. "इमानं पाडायची तोफ. बावीस वर्सांचा मी. लगीन हून तीन आठवडं झालेलं. बायकूचं तोंड ध्यानात नव्हतं, पन सेबर पाठ व्हतं. आमाला पत्त्यासारखी चित्रं दिल्याली, रोज बघायची. हे आपलं, हे त्यांचं."

विहीणबाईंनी पदर ओठाला लावला. ही गोष्ट त्याही पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"चौदा दीस बसलो. तेराव्या दिशी, तिनीसांजंला आलं. येकटंच. अगदी खाली. माज्या निशाण्यात आलं, असं, ह्या इथं. पायाखाली पायटा, दाबला की संपलं. पन आपलीबी इमानं माघारी यायची येळ व्हती, म्हनून हुकूम व्हता, सांगितल्याबिगर मारायचं न्हाई. मी वाट बघितली. हुकूम आला न्हाई. इमान गेलं."

"मग?" ताईनं विचारलं. ती जमिनीवर बसली होती, नवरीच्या साडीत, मांडी घालून.

"जाता जाता बाँब टाकून गेलं. आमच्या लंगरवर, सैपाकाच्या तंबूवर. माणसं लागली न्हाईत. पन दहा दिसांनी पैल्यांदा मटान शिजलं व्हतं, चारशे माणसांचं. ते सगळं गेलं." ते थांबले. "चारशे माणसं उपाशी झोपली, आन् मला इचारत व्हती, 'निकम, दिसलं व्हतं का न्हाई?' नंतर वीस वर्सं नोकरी केली. जिथं जाईन तिथं त्ये मटान माज्या आदी पोचल्यालं. मग मी बोलनंच सोडलं. बोलाय लागलो की कोन तरी मटनावर येतंय."

मांडवातही चारशेच माणसं होती.

भटजींनी मनगट वर करून घड्याळ दाखवलं. बारा वाजून आठ मिनिटं.

नलूआत्या पुढं आली. तिला भावना कळायच्या, पण नियम आधी कळायचे. "सुभेदार, रुखवत वराकडच्यांनी मोडल्याशिवाय पोचत नाही. पहिला तुकडा तुमचा. तुम्ही नाही मोडलंत तर मला पुढचं काही करता येत नाही."

ताई उठली. टेबलावरून रव्याचा लाडू उचलला. त्या लाडवांचा पाक पुढं गेला होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त आत्याला कुणी सांगितलं नव्हतं. एक लाडू चुकून फरशीवर पडला होता, तेव्हा फरशीला टवका उडाला होता. तो लाडू तिनं सुभेदारांच्या हातात दिला.

"मोडा, मामा."

सुभेदारांनी लाडवाचं वजन तळहातावर अजमावलं. विमानाकडं पाहिलं. मान हलवली.

"जमिनीवरच्या इमानाला न्हाई मारत मी."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग सगळे माझ्याकडं बघू लागले. ह्या वेळी इलेक्ट्रिशियनला बोलावता येणार नव्हतं.

मी जमीरला खांबामागून ओढून काढलं. त्यानं शेपटी धरली, मी पोट धरलं, आणि विमान डोक्यावर उचलून आम्ही मांडवाच्या त्या टोकाला गेलो. ह्या गडबडीत त्यानं नखानं तिन्ही पट्टे खरवडून काढले. म्हणाला, "आपला झेंडा घेऊन मी लाडू खाणार नाही." मग आम्ही धावत निघालो. खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं, पावणेचार फूट सेबर घेऊन, मी तोंडानं आवाजही काढला. गरज नव्हती, पण एवढं केल्यावर तेवढं कशाला ठेवायचं.

सुभेदार एक पाय पुढं टाकून उभे होते. लाडू कानाजवळ. आम्ही समोरून गेलो. त्यांनी मारला नाही.

आम्ही वळून परत आलो. त्यांची मान विमानाबरोबर फिरत गेली, हात तसाच. तरीही मारला नाही.

"काय झालं?" जमीर धापा टाकत म्हणाला. "आता वर्ख उडायला लागलाय."

बारा सतरा. भटजी अक्षता वाटत सुटले होते. आम्ही तिसऱ्यांदा निघालो. अर्ध्या वाटेत मला ताई दिसली. ती सुभेदारांच्या शेजारी जाऊन उभी राहिली होती, त्यांच्याच नजरेनं विमानाकडं बघत. आणि आम्ही बरोबर समोर आलो, तेव्हा ती मुंडावळ्यांच्या आतून, आमच्या घरात आजवर कुणी काढला नसेल अशा आवाजात ओरडली,

"फायर!"

लाडू निघालेला मला दिसलाच नाही. फक्त आवाज आला. सहा डब्यांतले सगळे पापड एकदम मोडल्यासारखा. नाक, काच, लवंगा, डावा पंख, सगळं माझ्या डोक्यावर, वर्खासकट. जमीरच्या हातात शेपूट राहिली. लाडू आरपार जाऊन पलीकडं बँडवाल्याच्या ढोलावर आपटला, आणि ढोलवाल्याला वाटलं आपल्याला इशारा झाला. बँड सुरू झाला.

पुढची पाच मिनिटं सगळा मांडव शत्रूचं विमान खात होता. साताऱ्याचे पाहुणे "पाडलं, पाडलं" करत सुभेदारांना खांद्यावर घ्यायला बघत होते आणि ते "आरं गप, सोडा" म्हणत हसत होते. दात पहिल्यांदाच दिसले. रणजितराव नारळ धरून उभेच. त्यांच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. भटजींनी त्यांना हाताला धरून पाटावर नेलं. बारा पस्तीसला एक मिनिट कमी असताना आंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं चालू असताना सुभेदार माझ्या शेजारी होते. माझ्या केसांतली एक लवंग त्यांनी काढली आणि तोंडात टाकली.

"चांगलं केलंस," ते म्हणाले. "पन पख जरा मागं पायजे व्हता."

आठ दिवसांनी मी ताईच्या सासरी फोन लावला. मांडवातलं मांडवात होतं, घर वेगळं असतं. बराच वेळ रिंग गेली. मग ताईनं उचलला.

"ताई, कशी आहेस? बोलतात का गं ते?"

तिकडून मागं कुणाचा तरी आवाज येत होता. एकसुरी, न थांबणारा, मधूनच हातवारे करत असावा असा.

"नित्या, नंतर कर," ताई घाईनं म्हणाली. "मामांची आत्ता कुठं भरती झालीय. अजून छाती मोजतायत."

आणि तिनं फोन ठेवला.